चार बोटांची पट्टी

मित्रांनो, रावेतच्या बंधाऱ्याजवळ एक लहान घाट आहे. तिथल्या खांबाला एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला सुतळीने मला टांगलेलं आहे. येणारेजाणारे मला मोडक्या खुर्चीचा तुकडा समजतात. परवा एका बाईंनी चपलेचा चिखल खरवडायला मला हातात घेतलं होतं. मी रागावले नाही. माझ्या नशिबात त्याहून घाण गोष्टी येऊन गेल्या आहेत.

मी जाळं विणायची पट्टी आहे. बाभळीची, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद. जाळं विणताना माझ्याभोवती दोरा फिरवतात, बांबूच्या सुईने गाठ मारतात आणि मग मला हळूच ओढून काढतात. मागे राहतो तो जाळ्याचा डोळा. जेवढी मी रुंद, तेवढाच डोळा मोठा. अशा हजारो डोळ्यांमधून मी गेले आहे. नायलॉनच्या दोऱ्याने माझ्या कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या आहेत.

मला भिवा भोयाने घडवलं. तेव्हा तो दापोडीला राहत होता, जिथे पवना मुळेला मिळते तिथे. त्याने आपल्या उजव्या हाताची चार बोटं जुळवून लाकडावर ठेवली, दोन्ही बाजूंनी कोळशाच्या रेघा ओढल्या आणि त्या रेघांवर लाकूड तासलं. त्याचा मुलगा ज्योतीराम शेजारी बसून पाहत होता. भिवा त्याला म्हणाला, "हिच्या डोळ्यातनं जे पळंल ते आपलं न्हाई. ते फुडल्या सालाचं. त्याच्याकडं बघायचं बी न्हाई."

ज्योतीरामने विचारलं, "आन मोठा मासा पळाला तर?"

"तर तू भोई न्हाईस," भिवा म्हणाला.

माझी सुरुवातीची वर्षं चांगली गेली. माझ्यावर विणलेली जाळी लोक मागून न्यायचे. पण पुढे दापोडीचं पाणी नासलं. आधी फेस आला, मग वास आला, मग एका उन्हाळ्यात मासे काठाला येऊन तोंडं पाण्याबाहेर काढू लागले. भिवा दोन दिवस ते बघत बसला. तिसऱ्या दिवशी त्याने भांडीकुंडी बांधली आणि नदीच्या वरच्या अंगाला, रावेतला आला. भाऊबंदही मागोमाग आले. बंधाऱ्याच्या वर खोल डोह होता. त्याच्या काठाला भोयांची नऊ घरं उभी राहिली.

भिवा वारला तेव्हा ज्योतीराम एका प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबून कापायच्या मशीनवर, कामाला होता. पहाटे डोहात जाळं आणि मग कंपनी, असा त्याचा दिवस असे. एका दुपारी प्रेस खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घेऊन गेली. शेजारच्या मशीनवर भीमराज होता, दापोडीचाच. त्याने अंगातला शर्ट काढून ज्योतीरामच्या हाताला गुंडाळला आणि स्कूटरवर मागे बसवून त्याला दवाखान्यात नेलं. ज्योतीराम वाटेत एकच वाक्य म्हणत होता, "भीमा, गाठ मारता येईल का रं मला?"

गाठ मारता आली. सहा महिने लागले, पण आली. त्याच्या पंज्यात दोन बोटांची जागा मोकळी पडली होती. विणताना मी त्या जागेत बसू लागले. उरलेली दोन बोटं आणि अंगठा दोरा सांभाळत आणि मी गेलेल्या दोघांचं काम करत असे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान तोच. एका माणसाच्या हाताला कमी पडलेली बोटं मी झाले.

ज्योतीरामला एकच मुलगी, मंजुषा. तिची आई ती दहावीत असताना गेली. घरात बाप आणि लेक दोघंच. मंजुषा शिकली आणि चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात लागली. पहिल्या आठवड्यात घरी आली ती हसतच.

"आप्पा, आमच्याकडे पण तुमच्यासारखी पट्टी असते. लोखंडाची. गो-नो-गो गेज म्हणतात. भोकात गेली तर पार्ट पास, अडकली तर रिजेक्ट."

"मंग तुझ्या आज्याला इंजिनेर म्हणायला पायजे."

"क्वालिटीचा हेड म्हणा."

"त्याला पगार न्हवता गं तेवढा," ज्योतीराम म्हणाला आणि मला उचलून माझ्याकडे नव्या माणसाकडे बघावं तसं पाहू लागला.

मग काळ बदलला. बाजारात तयार जाळी आली. काहींचे डोळे दोन बोटी, काहींचे एक बोटी. काही जण तर सरळ मच्छरदाणी शिवून डोहात टाकू लागले. मी फळीवर पडून राहिले. माझ्यावर धूळ बसली, एकदा एका मांजरीने माझ्या टोकाला दात लावले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण मच्छरदाणीतून जे बाहेर येई ते मी फळीवरून पाहत असे. नखाएवढी पिलं चिकटून त्यांचा लगदा झालेला असायचा. तो निवडत बसायला कुणाला वेळ नव्हता. वरचा थर कोंबड्यांना टाकत आणि खालचा काठावरच सोडून देत. माश्या घोंघावत. नऊ घरांतले लोक नाकाला पदर आणि रुमाल लावून त्याच्या शेजारून जात. तो आपणच टाकला आहे हे जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

ज्योतीरामने नऊ घरांच्या मागे लागून बैठक घेतली. त्याचा चुलतभाऊ हिंदुराव मासेमार गटाचा चेअरमन होता. भीमराज दापोडीहून आला, कारण त्याचं अक्षर चांगलं. ज्योतीरामने सांगितलं आणि भीमराजने लिहिलं: 'चार बोटांपेक्षा लहान डोळ्याचे जाळे डोहात टाकू नये.' खाली नऊ सह्या आणि अंगठे झाले. ज्योतीरामने दोन बोटांनी पेन धरून सही केली. त्या दिवशी त्याने मला तेल लावलं.

एक वर्ष सगळं ठीक चाललं. मग हिंदुरावाच्या मुलाने, पिंटूने, बॅटरी आणली.

पिंटू तीस वर्षांचा. दोन कंपन्या सोडून तिसरी शोधत होता. त्याने ट्रकच्या टायरची हवा भरलेली ट्यूब पाण्यावर सोडली, तिच्यावर फळी ठेवून जुना इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी मांडली आणि त्यातून दोन वायरी काढून दोन काठ्यांना बांधल्या. काठ्या पाण्यात बुडवून बटण दाबलं की पाणी गुणगुणल्यासारखं वाजायचं. मग पांढरी पोटं वर यायची. मोठी, लहान, अंड्यांनी भरलेली, कालच जन्मलेली. बेडूक, पाणसाप, सगळं. तरंगत येई ते पिंटू जाळीच्या पळीने गोळा करी. त्यातलं मोठं तो समोर नव्याने उभ्या राहिलेल्या टॉवरवाल्यांना 'नदीचा ताजा मासा' म्हणून विकत असे. जे तरंगत नसे ते तळाला जाऊन बसे.

ज्योतीराम मला बंडीच्या खिशात घालून भर दुपारी घाटावर गेला. पिंटू आणि त्याचे दोन मित्र लांब रबरी बूट घालून पाण्यात उभे होते.

"पिंट्या, बाहेर नीघ. ठराव झालाय आपला."

"कसला ठराव, नाना?"

"चार बोटांचा."

"कुणाची बोटं?" पिंटू म्हणाला. "तुमची? तुमची तर दोनच राह्यली!"

मित्र हसले. एक जण इतका हसला की त्याचा तोल गेला.  ज्योतीरामने मला खिशातून काढून वर धरलं.

"ही चार बोटं."

"बरं, ही चार. मग ठराव नीट वाचा की राव. त्यात जाळ्याचं लिवलंय. ह्यो करंट हाय. करंटला डोळाच न्हाई. काय मापणार तुम्ही?"

असं म्हणून त्याने बटण दाबलं.

मित्रांनो, मी माशांच्या वासात वाढलेली पट्टी आहे. खवले, आतडी, रक्त यांची मला कधी घाण वाटली नाही. पण त्या दुपारी माझ्यासमोर एक शिंगाळा वर आला, त्याचे डोळे खोबणीतून बाहेर आले होते, कणा मध्येच मोडून अंग कोनात वळलं होतं आणि तोंड अजून उघडत-मिटत होतं. पिंटूने तो पळीत घेतला, लहान आहे म्हणाला आणि परत फेकून दिला. तेव्हा मला लाकूड असूनही ओकारी यावी असं वाटलं.

ज्योतीरामला आपली चूक तिथेच कळली. जाळ्याशिवाय मासा धरता येतो हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. भोयाच्या पोराच्या डोक्यात ते कसं येणार? म्हणून त्याने ठरावात फक्त जाळ्याचं लिहिलं होतं.

तो हिंदुरावाकडे गेला. "आबा, ठरावात एक ओळ वाढवू. करंट नको म्हनून."

हिंदुराव सुपारी कातरत होता. "बघू की फुडच्या बैठकीत."

पुढची बैठक झाली नाही. त्याच्या पुढचीही झाली नाही. एकदा लोक जमले तेव्हा हिंदुरावाला अचानक ताथवड्याला जायचं होतं, पिंटूच्या सोयरिकीसाठी. बाकीच्या सात घरांपैकी कुणी बोललं नाही. त्यातल्या चार घरांत पिंटूचा मासा शिजत होता, हे मी वासावरून सांगू शकते.

वैशाखात डोह आटत आला. तळाला बसलेले मासे वर दिसू लागले. सडून, फुगून, जलपर्णीत अडकून. दुर्गंधी टॉवरच्या बाराव्या मजल्यापर्यंत पोचली. तिथल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आणि 'हे मच्छीवाले फार घाण करतात' अशी तक्रार केली. नऊ घरांनी पिंटूचं नाव घेतलं नाही. मग ज्योतीरामच घमेलं घेऊन पाण्यात उतरला. तो चार दिवस हातांनी सडके मासे काढत होता. काढायचा, काठावर खड्डा खणायचा, पुरायचा. मी त्याच्या खिशात होते. भिजत होते. मला तो वास अजून सुटलेला नाही.

चौथ्या दिवशी मेलेल्या शिंगाळ्याचा काटा त्याच्या तळहातात गेला. शिंगाळ्याला तीन काटे असतात, पाठीवर एक आणि कल्ल्यांशी दोन, आणि ते मेल्यावरही तितकेच ताठ असतात. काटा उजव्या हातात गेला होता, जिथे मी बसत असे त्याच जागी. त्याने तो उपसून टाकला आणि हळद दाबली. रात्रीपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. मंजुषाने रुग्णालयात दाखल केलं. मी तिच्या पिशवीत होते, कारण आप्पांनी मला सोबत घ्यायला सांगितलं होतं. सहाव्या दिवशी ते गेले. कागदावर डॉक्टरांनी रक्तात विष पसरल्याचं लिहिलं. विष कुठून आलं ते लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

मंजुषाने मला पिशवीतून काढलं आणि आपली चार बोटं माझ्यावर ठेवली. तिची बोटं बारीक. बाजूला अर्ध्या बोटाची जागा उरली. त्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग नर्सबाई आल्या, आणि तिने मला परत पिशवीत ठेवून सह्या करायला सुरुवात केली.

पाणी कोण पाजणार, अग्नी कोण देणार, यावर घाटावर थोडी कुजबुज झाली. ती हिंदुरावाच्या आईने, छबूबाईने, एका वाक्यात बंद केली. छबूबाई पंच्याऐंशी वर्षांची, नऊ घरांत सगळ्यात वडील. ती म्हणाली, "जिनं दवाखान्यात गू-मूत काढलं ती देईल. तुमी काय दिलं व्हतं त्याला?"

आमच्या वस्तीत एक रीत आहे. तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी भाऊबंदांनी डोहाचा मासा आणायचा, रांधायचा आणि पहिला घास दुखवट्यातल्या माणसाने घ्यायचा. तो घास घेतला की सुतक सुटलं. तोवर भाऊकीत हळद नाही, मंडप नाही. आणि हिंदुरावाला घाई होती, कारण पिंटूचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं.

मासा अर्थात हिंदुरावाच्या घरून आला. अंगणात पंगत बसली. भीमराजही आला होता. मंजुषासमोर ताट ठेवलं, त्यात रस्सा आणि रश्श्यात अख्खे लहान मासे. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने एक मासा हातात घेतला, पाण्याने धुतला आणि त्याचा गळा बघितला. मग दुसरा. मग तिसरा.

तुम्हाला सांगायला हवं. जाळ्यात अडकलेल्या माशाच्या गळ्याशी, कल्ल्यांच्या मागे, दोऱ्याची एक वर्तुळासारखी खूण राहते. शिजल्यावरही दिसते. भोयांच्या घरातलं लहान पोरही ती ओळखतं.

"काका," मंजुषा म्हणाली, "ह्यांच्या गळ्याला खूण नाही."

हिंदुराव म्हणाला, "आगं, जेव. नियम झाला म्हंजे झालं."

तिने तो मासा मधोमध वाकवला. तो आधीच मोडलेला होता. कण्याच्या जागी साकळलेल्या रक्ताची काळी रेघ होती. मग तिने पिशवीतून मला काढलं आणि ताटात आडवं ठेवलं. माझ्याखाली दोन मासे डोक्यापासून शेपटीपर्यंत झाकून गेले.

ती ओरडली नाही. तिने हात धुतला आणि ताट पुढे सरकवलं. "माझ्या आप्पांना ज्याने मारलं त्याचा घास मी घेणार नाही. मला किळस येते."

 ज्यांनी आधीच भात कालवला होता त्यांची बोटं तशीच राहिली. भीमराजने आपलं ताट उचलून बाजूला ठेवलं. एका बाईने पदर तोंडाला लावला. तिच्याच घरात महिनाभर तोच मासा शिजत होता.

मग छबूबाईने आपलं ताट सरकवलं. "घास घेतला न्हाई. म्हंजी सुतक सुटलं न्हाई."

पिंटू उभा राहिला. "आजे, लगीन हाय माझं!"

"मंग मासा आण. जाळ्याचा."

"कुठनं आणू? डोहात काय राह्यलंय का?"

हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. छबूबाई हसली. तिला तीन दात आहेत.

"का रं, जाळं टाकाया येतंय का तुला? का त्याला बी बटन शोधशील?"

पिंटूकडे जाळं नव्हतं. हिंदुरावाच्या माळ्यावर एक होतं, उंदरांनी खाल्लेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव मंजुषाच्या दारात आला. चप्पल बाहेर काढली, पण आत आला नाही. "पट्टी दे," म्हणाला. "डोळे भरायचे हायेत."

तिने मला दिलं. मित्रांनो, त्या हाताची मला शिसारी आली. जाड बोटं, सुपारीचा वास. तीन बैठका टाळणारा हात. तो माझ्यावरून दोरा फिरवू लागला आणि मला वाटलं, मोडून पडावं. पण कबूल करायला हवं, त्याची गाठ घट्ट होती. भिवानेच शिकवलेली गाठ. तो तीन दिवस विणत बसला. एकदा फक्त थांबला, आपली करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुडपून गाठ मारायचा प्रयत्न केला. जमली नाही. बोटं उघडली आणि पुढचा डोळा घेतला.

जाळं डोहात पडलं. बापलेक रोज पहाटे ते उपसायला जात. मंजुषा फर्स्ट शिफ्टच्या बसआधी घाटावर उभी राही. पहिल्या दिवशी जलपर्णी आली. दुसऱ्या दिवशी वेफर्सच्या पिशव्या, थर्माकोल आणि कुणीतरी वापरून बांधून फेकलेला डायपर. पिंटूने तो दोन बोटांत धरून लांब केला आणि काठावर जाऊन ओकला. रोज तेच. त्याने इतके दिवस पाण्यात वायर घातली होती, हात घातला नव्हता. पाण्यात काय काय आहे ते त्याला आता कळत होतं.

लग्नाची तिथी आली आणि गेली. ताथवड्याहून निरोप आला की हे काय चाललंय. छबूबाईने उलट निरोप दिला, "मासा गावंना. गावला की कळवतो." वस्ती त्यावर हसली. पिंटू हसला नाही. त्याने बॅटरी कधी विकली ते मला माहीत नाही, पण ट्यूब एक दिवस पंक्चर होऊन घाटावर पडलेली दिसली.

जाळं टाकल्याच्या सोळाव्या दिवशी वरच्या धरणातून पाणी सुटलं. एकोणिसाव्या दिवशी जाळं जड लागलं. पिंटू कमरेएवढ्या पाण्यातून ओरडत आला, "ताई! ताई, खूण बघ!" हातात रोहू होता, हातभर लांब. कल्ल्यांमागे दोऱ्याची लाल रेघ. मंजुषाने मला जाळ्याच्या त्या डोळ्यातून घातलं. मी न अडकता आरपार गेले.

"पास," ती म्हणाली.

छबूबाईने स्वतः रांधला. पुन्हा पंगत बसली. ताट समोर आलं, तेव्हा वाफेबरोबर एक वास आला. मंजुषाने तो ओळखला, कारण चाकणला दिवसभर तिच्या हातांना तोच वास असतो. मशीनवर धातू कापताना जे कूलंट सोडतात त्याचा. तेलकट, गोडसर, घशात चिकटणारा. हा मासा कुठल्या तरी कारखान्याच्या सांडपाण्याच्या पाइपाखालून पोहत आला होता.

तिने घास उचलला. नऊ घरं बघत होती. तिने तो तोंडात घातला, चावला आणि गिळला. मग पाणी प्यायली. मग पुन्हा पाणी प्यायली.

"सुटलं," ती म्हणाली.

त्याच अंगणात भीमराजने ठरावाचा कागद काढला. या वेळी मंजुषाने सांगितलं आणि त्याने लिहिलं. पहिली ओळ: 'चार बोटे म्हणजे भिवा भोयाच्या पट्टीएवढी, ती ज्या डोळ्यातून न अडकता जाईल तेच जाळे चालेल.' दुसरी ओळ: 'ज्याला डोळा नाही असे काहीही पाण्यात घालायचे नाही.' हिंदुरावाने सगळ्यांच्या आधी सही केली. पेन पिंटूकडे आलं. तो दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. मंजुषाला वाटलं, हा आता आणखी एखादी पळवाट काढणार.

"ताई," तो म्हणाला, "पाइपाला बी डोळा नसतोय."

 मंजुषाने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग पिंटूने सही केली.

आता नऊ घरं मिळून नदीच्या काठाने वर चालतात, आठवड्यातून एकदा. कुठे कुठे पाइप येतो ते भीमराज लिहून घेतो आणि पिंटू फोटो काढतो. अर्ज जातात, उत्तरं येत नाहीत, पुन्हा अर्ज जातात. पिंटूचं लग्न झालं. त्याला मी माफ केलेलं नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण घाटावर जाळं घेऊन कुणी आलं की मला खिळ्यावरून काढून माप घेणारा तोच आहे.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला फार काही कळत नाही. तुम्ही आपली चार बोटं जुळवून बघा. आपल्या पोटाला किती लागतं आणि पुढच्या सालासाठी किती सोडायचं, ते माप त्यांच्यात आहे. ती बोटं शाबूत आहेत तोवर सांभाळा. आणि कधी ताटात मासा आला, तर आधी त्याच्या गळ्याशी बघा. खूण असेल आणि पाइपाचा वास नसेल, तर पोटभर जेवा. खूण नसेल, तर ताट पुढे सरकवा. त्याला फार जोर लागत नाही. मी एका पंगतीत ते होताना पाहिलं आहे. एका ताटानंतर दुसरं ताटही सरकतं.